मदत हवी आहे: गेमिंग पीसीसाठी कोणतं बेंचमार्क (पीसीची ताकद मोजणारं सॉफ्टवेअर) लावू?

राजेहो, दारव्ह्याजवळच्या खेड्यातून विचारतो. रायझन ५ ५६०० प्रोसेसर आन् १२ जीबीचं आरटीएक्स ३०६० ग्राफिक्स कार्ड, असा पीसी जोडलाय. सकाळी गेम मक्खन चालते. दुपारी टिनाच्या खोलीत अर्ध्या तासात फ्रेम गळतात, चित्र अडखळते. (मे महिन्यात माणूसच चालत नाही म्हणा!) सिनेबेंच आर२३ लावलं, पण ते फक्त प्रोसेसर मोजते. थ्रीडीमार्कचं डाउनलोड मोठं, त्यात स्ट्रेस टेस्ट (बराच वेळ सतत ताण देणारी चाचणी) विकतच्या आवृत्तीतच. युनिजिनचं हेवन लहान, बंद करेपर्यंत फिरतही राहते, पण ते २००९ चं. त्यांचंच सुपरपोझिशन २०१७ चं. कार्ड गरमीनं मंदावते का, हे पकडायला कोणतं लावू? एचडब्ल्यूइन्फोनं तापमान नोंदवतोच आहे. स्कोअर मिरवायचा नाही भाऊ, खोलीला कूलर घ्यायचा का तेवढं ठरवायचंय.