मदत हवी आहे: पौलाला वक्तृत्व नकोच होतं का?

सर्वांना जय ख्रिस्त! रविवारी तरुण संघात १ करिंथ २:१-५ वर (बायबलमधलं, प्रेषित पौलाने करिंथ शहरातल्या मंडळीला लिहिलेलं पहिलं पत्र) बोलायचं आहे. पौल म्हणतो, माझा संदेश शब्दांच्या चतुराईवर नव्हे, आत्म्याच्या सामर्थ्यावर उभा होता. आमच्यातले काहीजण यावरून तयारीच नको म्हणतात (सोयीचा अर्थ!). पण अथेन्समध्ये अरीयपगावर (तिथल्या सभेच्या टेकडीवर) त्याच पौलाने ग्रीक कवींचा दाखला दिला, आणि ऐकणाऱ्यांपैकी दिओनुस्य, दामारी यांनी विश्वास ठेवला. त्यामुळे तिथे अपयश आलं म्हणून करिंथात पद्धत बदलली, असं जे म्हटलं जातं ते मला पटत नाही. शिवाय करिंथात शिकवणारा अपुल्लो तर नावाजलेला वक्ता, आणि याच पत्रात ३:६ मध्ये पौल त्याला सहकारीच मानतो. मग रोख नेमका कशावर? बोलण्याच्या कौशल्यावर, की ते मिरवण्यावर? पाळक मंडळींनी कृपया सांगावं. मराठीतलं एखादं चांगलं भाष्यही सुचवा.