हाताला कोरडं, मशीनला ओलं: लॅमिनेट टाकू का थांबू?

बेसाकर:
नागपुरात बेसा रोडला तळमजल्याचं घर. ४ इंची काँक्रीट मार्चच्या सुरुवातीला टाकलं, महिनाअखेरपर्यंत पाणी मारलं. आज २४ मे, मृगाच्या आत लॅमिनेट उरकायचं होतं. मिस्त्री टाच आपटून म्हणतो, "साहेब, पापड झाला." दोन पिनांचं मीटरही कोरडंच दाखवतं. पण खोक्यावर छापलंय, काँक्रीटची आर्द्रता ७५ टक्क्यांच्या आत हवी. ही मोजतात कशी? प्लास्टिक चिकटवायचं असं ऐकलं.

फरशीवाला_मानेवाडा:
भाऊ, मिस्त्री खोटं नाही बोलत, पण तो वरच्या पापुद्र्याचं बोलतो. पिनाही तेवढंच बघतात. आपल्या ४५ डिग्रीत वरचा थर झटक्यात वाळतो, ओल पोटात राहते. वर लॅमिनेट झाकलं की तिला उडून जायला जागा नाही, मग हळूहळू वर चढते. मी हे खिशातून पैसे घालून शिकलो. गिऱ्हाइकाला घाई, मे अखेर टाकून दिलं. पोळ्याच्या सुमारास बोलावणं आलं: जोड पायाला टोचतात, बेडरूमचं दार अर्ध्यात अडतं. उचलून पाहिलं तर खालचा फोम ओलाकच्च.

प्लास्टिक दीड फूट बाय दीड फूट, चारी बाजूंनी टेप, १६ तास. खाली थेंब किंवा काळपट डाग दिसला तर नापास. नाही दिसला म्हणून पास, असं मात्र नाही.

खरं माप भोकातलं. एकाच बाजूनं वाळणाऱ्या काँक्रीटला जाडीच्या ४० टक्के खोल, म्हणजे तुमच्याकडे ४० मिमी. ड्रिल कोरडंच चालवायचं, भुकटी साफ काढायची, स्लीव्ह म्हणजे नळी बसवून टोपण लावायचं आणि २४ तास विसरायचं. मग आत मशीनचा सेन्सर घालून आर्द्रतेचा टक्का वाचायचा. पहिल्या १००० चौरस फुटांत तीन भोकं. अन् कूलर बंद ठेवा जी! खोली वाळावी म्हणून कूलर लावणारे पाहिलेत मी, तो तर हवेत पाणीच सोडतो.

काँक्रीटखाली प्लास्टिक आहे काय?

बेसाकर:
आहे, मुरमावर अंथरलं होतं, फोटोही आहेत. मशीन भाड्यानं आणली. हॉल ८६, बेडरूम ८९, न्हाणीच्या भिंतीजवळ ९४. मिस्त्री म्हणतो मशीन बिघडली.

काळीमाती:
तुमचं नशीब, प्लास्टिक तरी आहे. माझं काळ्या मातीवर, खाली काहीच नाही. दर पावसाळ्यात ओल खालूनच येते, थांबून काय फायदा? विट्रिफाइड टाकून मोकळा झालो.

फरशीवाला_मानेवाडा:
मशीन ठीक आहे. पाणी मारणं थांबल्यापासून इंचाला एक महिना धरतात, तोही ढोबळ. तुमचे दोनच झाले, पुढे पावसाळी हवा, तीत वाळणं मंदावतं. ९४ कडे मात्र वेगळं बघा, न्हाणीचा पाइप झिरपत असेल.

बेसाकर:
निघालाच, कोपऱ्यातला एल्बो. खोकी भावाकडे ठेवली. वास्तू सतरंज्यांवर करतो, स्लीव्ह तशाच ठेवल्यात, कोजागिरीनंतर परत मोजतो.