एप्सिलॉन एरिडानी: हंगामी सरासरी घ्यावी की कच्ची मोजमापं वापरावीत?

मदत हवी आहे. बडोद्यात एमएस्सी फिजिक्सच्या प्रोजेक्टसाठी सूर्यासारख्या ताऱ्यांची चुंबकीय चक्रं शोधतेय. दुर्बीण नाही, खगोलशास्त्रज्ञ ऑलिन विल्सन यांनी 1966 साली माउंट विल्सन वेधशाळेत सुरू केलेल्या निरीक्षणांतला खुला डेटा (ताऱ्याच्या वर्णपटातल्या कॅल्शियमच्या एच आणि के रेषांवरून काढलेला एस-निर्देशांक, म्हणजे चुंबकीय सक्रियतेचं माप), साधा लॅपटॉप आणि पायथन एवढंच आहे.

61 सिग्नी ए या ताऱ्याचं सुमारे 7 वर्षांचं चक्र लॉम्ब-स्कार्गलने (असमान अंतराच्या मोजमापांत आवर्तनं शोधायची पद्धत; आलेखातलं शिखर म्हणजे संभाव्य चक्र) लगेच मिळालं. अडतंय ते एप्सिलॉन एरिडानी या ताऱ्यावर. त्याची सुमारे 3 आणि 13 वर्षांची दोन चक्रं प्रसिद्ध आहेत. कच्ची मोजमापं दिली तर सुमारे 11 दिवसांच्या परिवलनाचा गोंगाट आणि दरवर्षी तारा सूर्याच्या दिशेला गेल्यामुळे निरीक्षणांत पडणारे खंड आड येतात. हंगामी सरासरी घेतली तर वर्षाला एकच बिंदू उरतो, आणि 3 वर्षांचं शिखर दबतं. विंडो फंक्शन (निरीक्षणांच्या वेळांमुळेच कोणती खोटी शिखरं येतात ते दाखवणारा आलेख) काढून पाहिलं, लांब चक्र वजा करूनही पाहिलं. शिखर उरतं, पण त्यावर विश्वास ठेवायला मन धजत नाही.

शिखर निव्वळ योगायोगाने येण्याची शक्यता सांगणाऱ्या साध्या फॉल्स अलार्म सूत्रात प्रत्येक मोजमाप स्वतंत्र धरतात, इथे परिवलनामुळे ती तशी नाहीत. मग महिन्याची सरासरी हा मधला मार्ग योग्य ठरेल, की गॉसियन प्रोसेसने (एकमेकांशी संबंधित मोजमापांचं सांख्यिकी प्रारूप) परिवलन वेगळं काढूनच शिखराची खात्री करावी?