नेलपॉलिश, परफ्यूम पोस्टाने पाठवायचं तरी कसं?

नखरंग
मी घरून ऑनलाइन कॉस्मेटिक्स विकते. स्वतः बनवलेले रोल-ऑन परफ्यूम, छोट्या बॅचमधली नेलपॉलिश, सोबत रिमूव्हर, शिवाय लिप बाम आणि काजळ. आजवर खोक्यावर ‘सौंदर्यप्रसाधने’ एवढंच लिहून पार्सल देत आले. परवा मात्र एक मोठी ऑर्डर जशीच्या तशी परत आली, वर ज्वाळेचं चित्र असलेलं स्टिकर. काउंटरवर विचारलं तर म्हणे, ‘ज्वलनशील आहे, चालत नाही.’ अहो, पण नेमकं काय? त्या खोक्यात निम्मे तर लिप बाम होते!

लोक पर्समध्ये परफ्यूम घेऊन खुशाल विमानात बसतात. मग तीच एवढीशी बाटली पोस्टाने गेली तर काय बिघडलं? आणि ‘गिफ्ट आयटम’ लिहिलं तर जाईल का? हसू नका, एका सेलर ग्रुपवर हाच सल्ला मिळालाय.

साबणवडी
गिफ्ट लिहिलं तरी एक्स-रेमध्ये बाटली बाटलीच दिसते. ज्याने सल्ला दिला त्याला एवढंच विचारा, पार्सल पकडलं गेलं तर पाठवणाऱ्याच्या जागी नाव कोणाचं असतं?

जुना_कार्गोवाला
ताई, आधी पर्समधल्या बाटलीचा हिशोब मिटवू. प्रवाशाला सूट आहे, पण मोजूनमापून: एक बाटली किंवा डबा फार तर अर्धा लिटर, असं सगळं मिळून दोन लिटर, आणि तेही स्वतःच्या वापरापुरतं. सूट प्रवाशाला आहे, बाटलीला नाही.

टपालाची गोष्टच निराळी. कार्गोत धोकादायक माल चढला की कॅप्टनच्या हातात लेखी यादी पडते: काय आहे, किती आहे, कुठल्या कप्प्यात आहे. वर काही पेटलंच तर तो त्या कागदावरून निर्णय घेतो. टपालाच्या पिशवीत तुमचं रिमूव्हर असेल तर ते त्या यादीत नसतं. म्हणूनच आंतरराष्ट्रीय टपालात ज्वलनशील द्रव घेत नाहीत. जागतिक टपाल संघटनेचाच तसा नियम आहे.

त्यात उंचीवर मालाच्या कप्प्यातला हवेचा दाब जमिनीवरच्या साधारण पाऊणपट होतो. बाटलीत वर मोकळी जागा असेल तर तिथली हवा फुगते आणि द्रवाला पंपातून बाहेर रेटते. अशी खोकी मी हाताळली आहेत. बाहेरून कोरडी ठणठणीत, उघडल्यावर कापूस ओलाचिंब, लेबलची शाई विरघळून पुठ्ठ्यावर पसरलेली, आणि वास असा की पुढच्या शिफ्टवाल्याला न सांगता कळावं.

आता मुद्द्याचं. कॉस्मेटिक आहे की औषध, याने इथे काही ठरत नाही. बघतात तो फ्लॅश पॉइंट, म्हणजे किती तापमानाला द्रवाची वाफ ठिणगीने पेटते ते. बंद भांड्यातल्या चाचणीत तो ६० अंश सेल्सिअस किंवा त्याखाली आला की माल वर्ग ३, ज्वलनशील द्रव. ॲसिटोनचा उणे २० च्या आसपास आहे, म्हणजे फ्रीजरमध्येसुद्धा भरवसा नाही. नेलपॉलिशमधलं इथाइल ॲसिटेट उणे ४, ब्युटाइल ॲसिटेट साधारण २२, परफ्यूममधलं शुद्ध इथेनॉल १३ च्या आसपास. अल्कोहोलवालं परफ्यूम यूएन १२६६ मध्ये बसतं; यूएन म्हणजे धोकादायक मालाला दिलेला संयुक्त राष्ट्रांचा क्रमांक. ड्राय शाम्पूचे, डिओचे दाबाचे डबे यूएन १९५०, त्यांच्यात बहुतेक ब्युटेन-प्रोपेन असतं. ते तर टपालाच्या जवळही नेऊ नका.

लिप बाम, काजळ, पावडर यांचा यात काही संबंध नाही. एकाच खोक्यात होते म्हणून अडकले.

रानफूल
माझ्या रोल-ऑनमध्ये अल्कोहोलचा थेंब नाही, सगळी नैसर्गिक तेलं. म्हणजे मी सुटले ना?

जुना_कार्गोवाला
तेल कुठलं त्यावर आहे. चंदनाच्या तेलाचा फ्लॅश पॉइंट शंभरच्या वर, ते बिनघोर. पण संत्र्याचं, लिंबाचं तेल बहुतांशी लिमोनीन असतं, आणि त्याचा येतो ४८ च्या आसपास. निलगिरीचंही तसंच. नैसर्गिक म्हणून पेटत नाही असं थोडंच असतं? टर्पेंटाइनही झाडातूनच येतं. उलट वॉटरप्रूफ मस्कारा आणि न पुसली जाणारी लिक्विड लिपस्टिक कोणाच्या डोक्यातही येत नाही; त्यात बऱ्याचदा आयसोडोडेकेन असतं, तेही ६० च्या खाली.

तुम्ही दोघीही एसडीएस, म्हणजे मालाचं सुरक्षा माहितीपत्रक, मागवा. १६ भागांचा कागद असतो, फ्लॅश पॉइंट नवव्या भागात आणि वाहतुकीचा वर्ग चौदाव्यात. पण मिश्रण तुमचं स्वतःचं असेल तर कच्च्या मालाच्या कागदावर भागत नाही. लॅबमधून तयार मालाची क्लोज्ड कप, म्हणजे तीच बंद भांड्यातली चाचणी करून घ्या. नंतर वाद घालण्यापेक्षा तो एक कागद बरा.

नखरंग
काका, डोकं शांत झालं. लिप बाम-काजळ आता वेगळ्या खोक्यात. पण नेलपॉलिश बंदच करू का?

जुना_कार्गोवाला
बंद कशाला? काही ठिकाणी देशांतर्गत रस्त्याने छोट्या बाटल्या मर्यादित प्रमाणात घेतात. त्याची खूण म्हणून खोक्यावर कोनावर उभा चौकोन लागतो, वरचं-खालचं टोक काळं, मधे पांढरं. तुमची सेवा घेते का आणि पार्सल खरोखर रस्त्यानेच जातं का, हे लेखी विचारा. ‘सरफेस’ म्हणून घेतलेलं पार्सल गाडी भरली की विमानात टाकलेलं मी पाहिलंय. घेत नसतील तर धोकादायक माल नेणारा कुरिअर गाठा, महाग पडला तरी.

आणि रिमूव्हरवर ‘ॲसिटोन-फ्री’ लिहिलंय म्हणून फसू नका, त्यात बहुधा इथाइल ॲसिटेट असतं. प्रॉपिलीन कार्बोनेटवालं मिळालं तर बघा, त्याचा फ्लॅश पॉइंट १३० च्या पुढे आहे. नखाला जरा जास्त वेळ चोळावं लागतं, ते गिऱ्हाइकाला आधीच सांगा.

साबणवडी
एक राहिलंच. रिटर्न! शेड आवडली नाही म्हणून गिऱ्हाईक उघडलेली बाटली सरळ पोस्टात टाकतं, आणि तोच नियम तिलाही आहे. मी अशा वस्तूंना ‘परत पाठवू नका, फोटो पाठवा’ असं लिहून ठेवलंय. पैसे परत देते, बाटली त्यांच्याकडेच राहू देते.