ताब्याच्या दाव्यात न्यायाधीश मुलाशी बोलणार आहेत. त्याला काय सांगावे?

माझ्या बहिणीचा घटस्फोटाचा दावा कौटुंबिक न्यायालयात चालू आहे. पोटगीचा प्रश्न समुपदेशकांसमोर मिटला. आता अकरा वर्षांच्या मुलाचा ताबा कोणाकडे राहावा, एवढाच वाद उरला आहे. अंतरिम आदेशानुसार तो आईजवळ राहतो आणि एक आड एक शनिवार-रविवारी वडिलांकडे जातो. पुढच्या तारखेला न्यायाधीश आपल्या दालनात, आईवडील आणि वकील यांना बाहेर ठेवून, त्याच्याशी बोलणार आहेत. त्या भेटीविषयी मला मार्गदर्शन हवे आहे.

कायद्याची बाजू मी शक्य तेवढी वाचली आहे. हिंदू अज्ञानत्व व पालकत्व अधिनियम, १९५६ मधील कलम ६ प्रमाणे पाच वर्षांखालील मुलाचा ताबा सामान्यतः आईकडे असतो. आमच्या भाच्याने ते वय केव्हाच ओलांडले आहे. त्याच कायद्याचे कलम १३ मुलाचे कल्याण सर्वांत वर ठेवते, त्यामुळे ‘वडील हेच पहिले नैसर्गिक पालक’ एवढ्या एका मुद्द्यावर ताब्याचा निर्णय होत नाही. पालक व पाल्य अधिनियम, १८९० च्या कलम १७ नुसार, समजून-उमजून पसंती सांगण्याइतके मूल मोठे असेल, तर न्यायालय ती पसंती विचारात घेऊ शकते. विचारात घेणे म्हणजे तसाच निकाल देणे नव्हे, आणि माझी सारी काळजी नेमकी या फरकापाशी येऊन थांबते.

कारण मुलाला हा फरक कोणी सांगितलेलाच नाही. गेल्या आठवड्यात त्याने मला विचारले, “मामा, मी ज्यांचं नाव घेणार नाही, ते माझ्याशी बोलायचे थांबतील का?” आईजवळ असताना तो आईला बरे वाटेल ते बोलतो आणि वडिलांकडे गेला की त्यांना बरे वाटेल ते. याला मी लबाडी म्हणणार नाही. दोघांनाही सांभाळण्याची त्याची ती धडपड आहे. कायद्याच्या मराठीत अठरा वर्षांखालच्या अशा मुलाला ‘अज्ञान’ म्हणतात, हा शब्द मला अलीकडे फार बोचू लागला आहे.

त्याला उत्तरे पढवून पाठवणे आम्हाला मान्य नाही. पण काहीच न सांगता त्या दालनात पाठवणे हाही त्याच्यावर अन्यायच वाटतो. “निर्णय न्यायाधीशांचा आहे, तो तुझ्यावर नाही, तुला जे वाटते ते सांग, आणि एखाद्या प्रश्नाचे उत्तर द्यायचे नसेल तर तसेही सांग,” एवढेच बोललो, तर पुढे ते पढवणे ठरेल का? तो जे सांगेल ते आईवडिलांना कितपत कळते, आणि ‘हे त्यांना सांगू नका’ अशी विनंती तो स्वतः करू शकतो का? तारखेआधी समुपदेशकांशी त्याची एकट्याची भेट व्हावी यासाठी अर्ज करावा लागतो, की वकिलांनी तोंडी विनंती केली तरी चालते?

वकील मंडळींबरोबरच, स्वतः लहानपणी अशा दालनात बसून आलेल्यांनीही कृपया लिहावे. त्या दिवशी बाहेर पडल्यावर घरच्यांनी काय विचारले आणि काय विचारायला नको होते, हे मला त्यांच्याकडूनच ऐकायचे आहे. त्याने आईचेच नाव घ्यावे यासाठीचे सल्ले मात्र देऊ नयेत; बहिणीनेच मला तसे स्पष्ट लिहायला सांगितले आहे.