गड्ड्याचे पाळणे उतरायलेत… मोठ्या पार्कात घरच्यांना घेऊन गेलेल्यांनो, अनुभव लिहा

सातरस्त्याची_सून

आज सकाळी रिक्षानं होम मैदानाजवळून येत होते. गड्ड्याच्या (आपल्या सोलापूरच्या सिद्धेश्वर यात्रेच्या जत्रेच्या) आकाशपाळण्याच्या लोखंडी कांबी ट्रकमधून उतरवत होते, धाडधाड आवाज चाललेला. त्या आवाजानं एकदम दादा आठवले. माझे वडील. गिरणीत मागावर जन्म काढला, कान कमी झालेले, पण गड्ड्याचा पाळणा लागला की आम्हाला पहिल्या दिवशी नेणार म्हणजे नेणारच.

२०१७ ला आम्ही सातजण हैदराबादकडच्या एका मोठ्या पार्कात गेलो होतो. दादांचे गुडघे दुखत होते. म्हणाले, "तुम्ही फिरा, मी इथं बसतो, पिशव्या द्या." झाडाखालचा बाक बघून त्यांना बसवलं. सगळ्यांच्या पिशव्या, पोरांच्या चपला, माझी पर्स, सगळं त्यांच्याजवळ. एक राइड, मग दुसरी, मग पोरं ओढतील तिकडं. परत आलो तेव्हा साडेतीन वाजले होते. दादा तसेच ताठ बसलेले, माझी पर्स दोन्ही हातांनी धरून. जेवले नव्हते. जेवणाची कुपनं त्याच पर्समध्ये होती ओ. त्यांच्या मांडीवर! "लेकीची पर्स कशी उघडायची," म्हणाले. बीपीची गोळी जेवणानंतरची, तीही तशीच राहिली.

दादा आता नाहीत. एप्रिलच्या शेवटी शाळेला सुट्टी लागली की सासू-सासरे आणि दोन पोरं (वय ६ आणि ११) घेऊन जायचं चाललंय. खोपोली की हैदराबाद, ते अजून ठरलं नाही. तिकिटाचे दर काय, ते मी बघीन. जे कुणी सांगत नाही ते लिहा.

जुळेसोलापूरकर

ताई, पर्सचं वाचून गलबललं. माझे वडीलही असेच.

आता कामाचं. हैदराबाद करा. आपला ६५ नंबरचा हायवे पुण्याहून सोलापूरमार्गे थेट तिकडंच जातो. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, जहीराबाद, संगारेड्डी. साधारण तीनशे किलोमीटर. रामोजी फिल्म सिटी त्याच हायवेवर, पण शहराच्या पलीकडं, विजयवाड्याच्या अंगाला. इथंच माणसं फसतात, हैदराबाद आलं म्हणजे पोचलो असं वाटतं. शहरात घुसू नका. पटानचेरूला बाहेरच्या रिंग रोडवर चढायचं आणि पेद्दा अंबरपेटला उतरायचं. वंडरला (राइडचं मोठं पार्क) करायचं तर त्याच रिंग रोडवर रावीरयालाला उतरा. दोन्ही एका दिवसात करायला जाऊ नका. आम्ही करायला गेलो आणि दोन्ही अर्धवट राहिली.

शेंगाचटणी_वहिनी

आई गं. कुपनं प्रत्येकाच्या खिशात वेगवेगळी ठेवायची, एवढंच लिहायला आले होते. कुकर लागलाय, नंतर येते.

पूर्वभागातला_नातू

आम्ही पद्मशाली, घरात तेलुगूच. आजीनं आयुष्यभर विड्या वळल्या, सोलापूर सोडून फार कुठं गेली नव्हती. रामोजीला नेलं तेव्हा आम्हाला काळजी, हिला झेपेल का. तिथं आत आपली गाडी चालत नाही, त्यांच्याच बसनं फिरवतात. बसमध्ये बसल्या बसल्या आजीनं शेजारच्या बाईशी तेलुगूत गप्पा सुरू केल्या. मग ड्रायव्हरशी, मग गेटवरच्या पोराशी. त्या पोरानं स्वतःहून सांगितलं, अव्वा, शेवटचा कार्यक्रम बघायचा तर आत्ताच जाऊन बसा, मागून जागा मिळत नाही. आम्ही चार शिकलेली माणसं नकाशा उलटासुलटा करत होतो, आणि सगळी माहिती आजीकडं.

बाहुबलीच्या सेटपुढं तिचा फोटो आहे. नऊवारीत, कंबरेवर हात. घरात समोरच्या भिंतीवर लावलाय.

एक सांगतो, त्या बसमधून उतरताना पुढची बस कुठून धरायची ते विचारूनच उतरा. जागा फार मोठी आहे. जगातलं सगळ्यात मोठं फिल्म स्टुडिओ संकुल म्हणून गिनीजमध्ये नोंद आहे, चालून संपत नाही.

जुळेसोलापूरकर

@पूर्वभागातला_नातू आजींना नमस्कार सांगा राव. फोटो डोळ्यासमोर आला.

दोनपोरांची_आई

सहा वर्षांचं लेकरू आहे म्हणता ना, मग आजच घरी दाराच्या चौकटीला उभं करून उंची मोजा. राइडला वय बघत नाहीत, उंची बघतात. दारात पट्टी असते, पोराला उभं करतात, बोटभर कमी भरलं की नाही म्हणजे नाही. माझा धाकटा पाऊण तास रांगेत उभा राहून परत फिरला. त्याचं ते तोंड अजून आठवतं मला. चूक माझीच, आधी बघायला पाहिजे होतं. आता जायच्या आधी घरीच सांगते, हे हे तुझं, हे दादाचं, तू मोठा झालास की हेही तुझं. मग रडत नाही.

दुसरं, बॉलपेननं मनगटावर आपला मोबाइल नंबर लिहा. सकाळी गेटवरच पोरांचा फोटो काढा, आज घातलेल्या कपड्यात. एका वॉटर पार्कात थोरली सतरा मिनिटं सापडली नव्हती. सतरा. मी घड्याळ बघत होते. गार्डनं विचारलं, कपडे कुठल्या रंगाचे, आणि मला सांगता येईना हो. पोटच्या पोरीचे कपडे. फोटो असता तर दाखवला असता.

मिळाली. आइस्क्रीमच्या गाडीपाशी दुसऱ्या एका आईनं हात धरून उभी केली होती. ती बाई कोण, कुठली, नावही विचारलं नाही मी.

शेंगाचटणी_वहिनी

@दोनपोरांची_आई अंगावर काटा आला बघ. आम्ही सगळे पिवळे टी-शर्ट घालतो, लांबून दिसतात.

टॉवेलवाला_एमआयडीसी

पाण्याच्या राइड करणार असाल तर माझ्या धंद्यातलं सांगतो. अक्कलकोट रोडला आमचे माग आहेत. सोलापूरची माणसं बाहेर निघाली की कपाटातला सगळ्यात जाड टॉवेल काढतात, आपल्याकडं चांगला म्हणजे जाड. घरी चांगलाच आहे तो. पण टेरीचे जे उभे फासे असतात ते पाणी धरून ठेवतात, जितका जीएसएम (एका चौरस मीटर कापडाचं ग्रॅममधलं वजन) जास्त तितकं पाणी जास्त आणि वाळायला उशीर. पाचशेच्या वरचा भिजला की पिशवी खांद्याला लागते. पार्कात वाळत कुठं घालणार? तीनशेच्या आसपासचा पातळ घ्या, नाहीतर साधा पंचा. पंचा सगळ्यात बेस्ट, पिळून झटकला की झालं.

आणि कोरा करकरीत टॉवेल अजिबात नेऊ नका. नव्या मालावर मऊपणासाठी फिनिश दिलेलं असतं, त्यानं पाणी टिपत नाही, नुसतं इकडून तिकडं सरकतं. दोन-तीन धुण्यानंतर टिपायला लागतो. लोक म्हणतात, टॉवेल वाईट निघाला. वाईट नसतो ओ, धुतलेला नसतो.

साखरपेठ_मावशी

हे टॉवेलचं मला साठ वर्षांत माहीत नव्हतं. आणि राहते सोलापुरात.

रात्रपाळी

खोपोलीच्या इमॅजिकाला गेलोय तीनदा. २०१३ ला सुरू झालं तेव्हापासून बघतोय, आता संगमनेरच्या मालपाणी उद्योगसमूहाकडं आहे. शनिवार-रविवार मुंबई आणि पुणे दोन्हीकडची गर्दी लोटते, आपण मंगळवार-बुधवार धरायचा. गेट उघडायच्या आधी अर्धा तास हजर. आत शिरलं की बहुतेक जण गेटजवळच्या पहिल्या राइडला चिकटतात. तसं करू नका, थेट मोठ्या कोस्टरला जा, पहिल्या तासात जे होतं ते दुपारी होत नाही. 'नायट्रो' म्हणजे पायाखाली फळी नसते, पाय अधांतरी. चपला काढून ठेवायच्या, चष्म्याला दोरी पाहिजे, खिशातला मोबाइल खाली. मी मागच्या डब्यात बसतो. पुढचे डबे उतारावर गेलेले असतात आणि ते मागच्याला ओढतात, त्यामुळं चढाच्या टोकावर सीटवरून उचलल्यासारखं होतं. तुमच्या अकरा वर्षांच्याला आवडेल, उंची भरली तर.

डायनासोरवाल्या बोटीत भिजतात. ती दुपारनंतर करा, सकाळी केली तर दिवसभर ओली जीन्स.

उन्हाचा मुद्दा: एप्रिलअखेर आपल्याकडं चाळीसच्या वर जातं म्हणून सवय आहे असं वाटतं, पण आपण त्या वेळी घरात असतो. बारा ते चार एसीतले खेळ, शो, जेवण. उघड्यावरचं सकाळी आणि संध्याकाळी.

फिजिओ_ताई

पर्सची गोष्ट वाचली आणि उठून बाबांना फोन केला.

सासू-सासऱ्यांसाठी: गेटवर व्हीलचेअर मागा, बहुतेक मोठ्या पार्कात मिळते. ज्येष्ठ माणसं नको म्हणतात, आजारी दिसू म्हणून. पूर्ण दिवस बसा असं म्हणू नका. "लांबच्या टप्प्याला फक्त" म्हणा, तयार होतात. माझ्या पेशंटपैकी कितीतरी जण सहलीनंतर आठवडाभर गुडघे धरून येतात, कारण पोरांच्या वेगानं चाललेले असतात. नवे बूट नकोत, रोजचेच. ज्यांना हार्टचा त्रास, बीपी, मणक्याचं दुखणं आहे त्यांनी झटक्याच्या राइडला बसायचं नाही, गरोदर बायकांनीही नाही. पाटीवर लिहिलेलं असतं, ती पाटी वाचा. "काही होत नाही ओ" म्हणून कुणाला बसवू नका, हात जोडून सांगते.

मीठ-साखरेच्या पाण्याची पाकिटं ठेवा. औषधं आणि बाळाचं खाणं सहसा आत सोडतात, बाकी खाणं बाहेरच. डायबेटिस असेल तर गोळी-जेवणाची वेळ मोबाइलवर लावा. दोघांच्याही मोबाइलवर, तुमच्या एकटीच्या नाही.

पार्कचौक_भेळ

गड्डा कधीपासून पूर्ण चालू? मौत का कुआँ आलाय का यंदा?

साखरपेठ_मावशी

सामान पडायलंय अजून. अक्षता सोहळा, म्हणजे सिद्धेश्वरांच्या लग्नाचा, साधारण तेरा जानेवारीला, त्याच्या आसपास सगळं लागतं. गर्दी बघायची तर शोभेच्या दारूकामाच्या रात्री जा. मी तर नंदीध्वज (मिरवणुकीतल्या उंच काठ्या) बघायला जाते, पाळणा नंतर. माझे मालक बाराबंदी (बंदांचा पांढरा अंगरखा) घालून मिरवणुकीत चालायचे, सकाळी निघालेले रात्री यायचे, पाय सुजलेले असायचे. कोमट पाण्यात मीठ घालून बसायचे. तेच पार्कवाल्यांनाही सांगते, रात्री लॉजवर बादलीभर कोमट पाणी, मूठभर मीठ.

मुंबईत_अडकलेला

एस्सेलवर्ल्ड कुणाला आठवतं का? १९८९ चं. आमची शाळेची सहल सोलापूरहून रेल्वेनं मुंबई आणि मग बोटीतून गोराई. आम्ही समुद्रच पहिल्यांदा बघितला. पोरं पाळण्यापेक्षा बोटीवर जास्त खूश. सरांनी सगळ्यांना एका लांब दोरीला धरून चालवलं होतं. आता ते बंद झालंय, शेजारचं वॉटर किंगडम राहिलं. परवा मुलीला सांगत होतो, तिला दोरीचंच हसू आलं.

जुळेसोलापूरकर

दोरी! आमच्या सरांचीही दोरी होती.

रात्रीचा_ड्रायव्हर

सगळे आतलं लिहितायत, मी रस्त्याचं लिहितो. माझी टुरिस्ट गाडी आहे. खोपोलीसाठी लोक म्हणतात, रात्री एकला निघू, लॉजचा खर्च वाचेल, संध्याकाळी परत. पुणं अडीचशे, पुढं ऐंशी, तेवढंच परत. जाताना काही होत नाही. येताना पोरं मागं झोपतात, पुढच्या सीटवरचा झोपतो, गाडीत एसी, आणि चालवणारा दिवसभर उन्हात उभा राहिलेला. भिगवण ते इंदापूर हा पट्टा डोळे मिटवतो. मी स्वतः एकदा रस्ता सोडून खडीवर गेलो होतो, टायरच्या आवाजानं जाग आली. मागं आठ माणसं होती. त्या दिवसापासून एका दिवसात परतीचं भाडं घेत नाही, पैसे गेले तरी चालतील.

घरातलाच कुणी चालवणार असेल तर त्याला दुपारी दोन तास झोपू द्या. लॉज करा. बाकी कशातही पैसे वाचवा.

दोनपोरांची_आई

दादा, हे सगळ्यात वर पाहिजे होतं.

शेंगाचटणी_वहिनी

आले परत. खाण्याचं: कडक भाकरी, शेंगाचटणी, दही वेगळं. आत नेता येत नाही म्हणून गाडीत ठेवायचं, सकाळी पार्किंगमध्येच पोटभर खायचं आणि संध्याकाळी बाहेर आल्यावर परत. कडक भाकरी आठ दिवस राहते, उन्हात गाडीत राहिली तरी तिला काही होत नाही. दही मात्र सकाळीच संपवा. चटणीच्या डब्याला दोन रबर लावा, तेल सुटतं. आणि आतलं जेवण साडेअकराला उरकायचं, एकला गेलात तर रांगच संपत नाही. घुमवणाऱ्या राइडच्या आधी मात्र भरपेट नको, लिंबू ठेवा हुंगायला.

पार्कचौक_भेळ

वहिनी, कडक भाकरी कुणाकडून घेता? आमच्या घरी ज्या आणतात त्या तुटतात.

शेंगाचटणी_वहिनी

मी घरीच करते. मालदांडी ज्वारी, पातळ थापायची आणि मंद आचेवर वाळवायची, घाई केली की तुटते.

सातरस्त्याची_सून

कामावरून आत्ता येऊन सगळं वाचलं. हैदराबाद ठरलं, मधले वार, दोन रात्री मुक्काम. वंडरला एक दिवस, रामोजी एक दिवस. सासूबाईंना पूर्वभागातल्या आजींचं वाचून दाखवलं तर म्हणाल्या, मग मलाही थोडं तेलुगू शिकवा की. धाकट्याला चौकटीला उभं करून पेन्सिलची खूण केली, आता रोज टाचा उंच करून मोजतोय.

ह्यांना ड्रायव्हरदादांचं वाचायला दिलं. काही बोलले नाहीत, पण गाडीला ड्रायव्हर बघतो म्हणाले.

आणि सासऱ्यांसाठी छोटी कापडी पिशवी शिवायला घेतलीय, गळ्यात अडकवायची. त्यात त्यांची कुपनं, त्यांची गोळी, पाण्याची छोटी बाटली आणि शंभराच्या चार नोटा. त्यांची स्वतःची.

साखरपेठ_मावशी

पिशवीला बटण नको लावू गं, वेलक्रो लाव. म्हाताऱ्या बोटांना बटण निघत नाही.