राजीनाम्यावर सही करावी का? पतीची नोकरी जाताना हक्काचे पैसे आणि घरखर्च यांचा हिशेब

प्रश्न : पाथर्डी फाट्यावरून एक गृहिणी

माझे पती नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीतील एका कारखान्यात सीएनसी ऑपरेटर असून त्यांच्या कायम नोकरीला 14 वर्षे 8 महिने झाली आहेत. ऑर्डरी कमी झाल्याचे सांगून व्यवस्थापनाने त्यांच्या विभागातील काही जणांना कमी करण्याचे ठरवले आहे. मात्र कपातीचे पत्र देण्याऐवजी त्यांना केबिनमध्ये बोलावून टाइप केलेला राजीनामा पुढे ठेवण्यात आला. त्यात ‘वैयक्तिक कारणास्तव नोकरी सोडत आहे’ असे लिहिलेले असून, सही केल्यास ग्रॅच्युइटी धरून दोन लाख रुपये एकरकमी मिळतील, असे तोंडी सांगितले गेले. विचार करण्यासाठी येत्या सोमवारपर्यंतची मुदत आहे.

त्यांचा एकूण पगार 20,600 रुपये असून त्यात मूळ वेतन आणि महागाई भत्ता मिळून 14,300 रुपये येतात. दर महिन्याला ईएसआयची (कर्मचारी राज्य विम्याची) वर्गणी कापली जाते. मी त्रिमूर्ती चौकातील एका दुकानाचे हिशेब लिहिते आणि मला 11,000 रुपये मिळतात. फ्लॅटच्या कर्जाचा हप्ता 8,900 रुपये असून सुमारे सात लाख रुपये फेडायचे बाकी आहेत. मुलगा दहावीला आहे, त्याच्या क्लासच्या फीचा दुसरा हप्ता पुढच्या महिन्यात भरायचा आहे. याखेरीज एलआयसीचा तिमाही हप्ता आणि दोन हजारांची भिशी आहे.

सासऱ्यांचे म्हणणे असे की पीएफमध्ये साठलेले 4,60,000 रुपये काढून कर्जात भरावेत, कारण डोक्यावरचे कर्ज उतरले की माणूस मीठ-भाकरीवरही दिवस काढतो. माझा भाऊ दागिने मोडण्याचा सल्ला देतो. मला मात्र आधी कशाला हात लावावा आणि कशाला लावू नये, हेच उमगत नाही. सरकारकडून बेरोजगारीत काही मिळते का, याचीही माहिती हवी आहे.

उत्तर : टाइम ऑफिसमधून निवृत्त, सातपूर

ताई, सर्वांत आधी पतींना सांगा की त्या कागदावर सही करू नका, आणि रागाच्या भरात कामावर जाणेही थांबवू नका. मी अनेक वर्षे हजेरीपत्रके आणि ईएसआयची विवरणे भरण्याचे काम केले आहे. कंपनी राजीनामा मागते तेव्हा त्यामागे बहुतेक वेळा साधा हिशेब असतो. तोच आपण मांडून पाहू.

ग्रॅच्युइटी शेवटच्या मूळ वेतन व महागाई भत्त्यावर, दर वर्षाला 15 दिवस याप्रमाणे आणि महिन्याचे 26 दिवस धरून काढतात. सहा महिन्यांहून अधिकचा काळ पूर्ण वर्ष मानला जातो, म्हणून आपल्या पतींची 15 वर्षे धरली जातील. 14,300 भागिले 26 म्हणजे 550, त्याला 15 दिवसांनी आणि 15 वर्षांनी गुणले की 1,23,750 रुपये होतात. पाच वर्षे भरलेल्या कामगाराला ही रक्कम राजीनामा दिला तरी मिळते आणि कपात झाली तरी मिळते. त्यामुळे ती ‘दोन लाखांत धरून’ देणे म्हणजे आपलेच पैसे आपल्याला बक्षीस म्हणून देण्यासारखे आहे.

कपात झाल्यास याशिवाय दोन गोष्टी मिळतात. एक म्हणजे महिन्याची नोटीस किंवा तिच्याऐवजी महिन्याचा पगार, आणि दुसरी म्हणजे दर वर्षासाठी 15 दिवसांचा सरासरी पगार इतकी भरपाई. ही तरतूद 1947 च्या औद्योगिक विवाद कायद्यात होती आणि 21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या औद्योगिक संबंध संहितेतही कायम आहे. सरासरी पगारात कोणते भत्ते धरायचे यावर कंपन्या घासाघीस करतात, म्हणून आपण सावधपणे केवळ 14,300 रुपये धरू. त्याचे अर्धे गुणिले 15 म्हणजे 1,07,250 रुपये. त्यात ग्रॅच्युइटी आणि नोटिशीचे 20,600 मिळवले की बेरीज 2,51,600 रुपयांवर जाते. शिल्लक रजेचे पैसे, राहिलेला बोनस आणि चालू महिन्याचा पगार यात धरलेला नाही. संहितेत पुनर्कौशल्य निधीतून कपात झालेल्या कामगाराच्या खात्यात 15 दिवसांचा पगार जमा करण्याचीही तरतूद आहे. देऊ केलेल्या दोन लाखांशी तुलना आपणच करा.

आता ईएसआयविषयी. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजनेखाली कारखाना बंद पडल्याने किंवा कपात झाल्याने नोकरी गेलेल्या विमाधारकाला, आवश्यक वर्गणी भरलेली असल्यास, पहिले 12 महिने सरासरी पगाराच्या 50 टक्के आणि पुढचे 12 महिने 25 टक्के बेरोजगारी भत्ता मिळतो. भत्ता चालू असेपर्यंत कुटुंबाचे उपचारही चालू राहतात. तुमच्या बाबतीत पहिल्या वर्षी महिन्याला साधारण दहा हजारांच्या घरात रक्कम येते. स्वतःहून नोकरी सोडणाऱ्याला हा भत्ता नाही. म्हणजे ‘वैयक्तिक कारणास्तव’ हे दोनच शब्द लाखाहून अधिक रुपयांचे आहेत. अटल बीमित व्यक्ती कल्याण योजना वेगळी आहे. तिच्यात आयुष्यात एकदा, जास्तीत जास्त 90 दिवसांसाठी, सरासरी रोजंदारीच्या निम्मी रक्कम मिळते. तिची मुदत टप्प्याटप्प्याने वाढवली जाते, तेव्हा दोन्हींपैकी कोणता अर्ज करावा हे शाखा कार्यालयात वर्गणीची नोंद दाखवूनच ठरवा.

एक बारकी गोष्ट, जी बाहेरच्या माणसाला दिसत नाही. कामगार गेला की कंपनी ईएसआयच्या संकेतस्थळावर त्याच्या नावापुढे जाण्याचे कारण निवडते. हातात कपातीचे पत्र असले आणि तिथे नुसते ‘नोकरी सोडली’ असे निवडलेले असले, तर दावा करताना खेटे घालावे लागतात. पीएफच्या नोंदीतही नोकरी सोडल्याची तारीख आणि कारण असते. पत्र हाती येताच या दोन्ही नोंदींची प्रत मागून घ्या.

सोमवारी पतींनी साध्या कागदावर इतकेच लिहून द्यावे की मला राजीनामा द्यायचा नाही, कामावर हजर राहण्याची माझी तयारी आहे, आणि कपात करायची असल्यास नियमाप्रमाणे लेखी नोटीस व भरपाई द्यावी. दुसऱ्या प्रतीवर पोहोच घ्यावी. पोहोच देण्यास नकार दिला तर तेच पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे आणि एक प्रत कामगार उपआयुक्तांच्या कार्यालयात द्यावी.

उत्तर : सिडकोतील एक वाचक

वरच्या काकांनी कागदाची बाजू नीट सांगितली आहे. मी घरखर्चाविषयी लिहिते, कारण कारखान्यातील नोकरी गेल्यानंतरचा काळ आमच्या घरानेही काढला आहे.

सासऱ्यांच्या सल्ल्यामागची भावना समजते, पण तो आकड्यांत बसत नाही. एक तर पीएफची पूर्ण रक्कम लगेच हाती येईल असे धरून चालू नका. पूर्वी दोन महिन्यांच्या बेरोजगारीनंतर सगळी रक्कम काढता येत असे. ऑक्टोबर 2025 मध्ये पीएफच्या केंद्रीय विश्वस्त मंडळाने ती मुदत 12 महिन्यांवर नेण्याचा आणि 25 टक्के रक्कम खात्यात ठेवण्याचा निर्णय घेतला. तीन चतुर्थांश म्हणजे 3,45,000 रुपये कर्जात भरले तरी निम्मे कर्ज उरतेच. शिवाय मधेच मोठी रक्कम भरली की बँक सहसा हप्ता तोच ठेवून मुदत कमी करते. म्हणजे पीएफ संपलेला आणि 8,900 रुपये दर महिन्याला तसेच, अशी दोन्हीकडून ओढाताण होईल. पीएफवर 2024-25 साठी 8.25 टक्के व्याज होते, त्यामुळे कर्जाच्या व्याजात वाचणाऱ्या पैशाचा फायदाही फारसा राहत नाही. पेन्शनचा भाग तर वेगळाच आहे. दहा वर्षांहून अधिक सेवा झाल्यामुळे पतींचा पेन्शनचा हक्क पक्का झाला आहे. तो पैसा काढण्याच्या भानगडीत न पडता पेन्शन योजनेचे प्रमाणपत्र घेऊन ठेवावे.

बँकेत मात्र हप्ता चुकण्याच्या आधी जा. कपातीचे पत्र जोडून, मुदत वाढवून हप्ता कमी करावा किंवा काही महिने केवळ व्याज भरू द्यावे, असा लेखी अर्ज करा. थकबाकी 90 दिवसांच्या पुढे गेली की खाते अनुत्पादक (एनपीए) ठरते आणि मग मॅनेजरला मनात असूनही फारसे करता येत नाही. कर्जासोबत विमा घेतला होता का, तेही कागदपत्रांत पाहा. काही विम्यांमध्ये नोकरी गेल्यास मोजक्या हप्त्यांची सोय असते, पण तिथेही राजीनामा चालत नाही.

भरपाई आणि ग्रॅच्युइटी आली की ती घरखर्चाच्या खात्यात ठेवू नका. ती वेगळ्या खात्यात किंवा लहान लहान मुदत ठेवींमध्ये विभागून ठेवा आणि पगाराच्या तारखेला तिथून ठरलेली रक्कमच घरखर्चाच्या खात्यात घ्या. भत्ता चालू व्हायला वेळ लागतो, त्यामुळे पहिले काही महिने तुमच्या 11,000 रुपयांत 12,000 ची भर घालून हप्ता, किराणा आणि फी भागवता येते का, ते वहीत मांडून बघा. एलआयसीच्या तिमाही हप्त्याला 30 दिवसांची सवलत असते, तेवढ्याने पॉलिसी बंद पडत नाही. भिशी अजून उचलली नसेल तर मंडळातील बायकांना सांगून आपला नंबर आधी मागा. यात लाजण्यासारखे काही नाही, भिशी असते तरी कशासाठी? क्लासच्या फीचे दोन भाग करून मागा, बहुतेक क्लासवाले देतात. मुलाचा क्लास मात्र बंद करू नका.

उत्तर : इंदिरानगर

दागिन्यांच्या बाबतीत माझे मत थोडे वेगळे आहे. मोडू तर नयेच, पण गहाणही आता ठेवू नये. व्याज पहिल्या दिवसापासून चढते आणि पुढची मिळकत कधी सुरू होईल हे ठाऊक नसताना सोडवण्याची तारीख कोण सांगणार? भरपाईचे पैसे संपत आले तरच तो विचार करावा.

उपचारांची काळजी लगेच नको. ईएसआयमध्ये ऑक्टोबर ते मार्च या काळात किमान 78 दिवसांची वर्गणी भरली असेल, तर पुढच्या जुलै ते डिसेंबरमध्येही उपचार मिळतात. सातपूरच्या रुग्णालयाचे कार्ड जपून ठेवा. मोठ्या शस्त्रक्रियेची वेळ आलीच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे पाच लाखांपर्यंतचे संरक्षण आता शिधापत्रिकेचा रंग न पाहता मिळते.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

सर्वांचे आभार. पतींनी पत्र दिले. पोहोच देण्यास आधी टाळाटाळ झाली, पण दोघे सहकारी सोबत असल्यामुळे शेवटी शिक्का मिळाला. कंपनी आता कपातीचे पत्र देण्यास तयार आहे, मात्र भरपाई आणि ग्रॅच्युइटी मिळून सहा मासिक हप्त्यांत देऊ, असे म्हणते. हे मान्य करावे का?

उत्तर : टाइम ऑफिसमधून निवृत्त, सातपूर

भरपाईसाठी हप्ते मान्य करू नका. नोटिशीचा पगार आणि भरपाई कपात करतानाच देणे ही कपात वैध ठरण्याची अट आहे, आणि हे त्यांच्या सल्लागाराला चांगले ठाऊक असते. ग्रॅच्युइटी 30 दिवसांत द्यावी लागते, उशीर झाल्यास त्यावर व्याज द्यावे लागते. काम केलेल्या दिवसांचा पगार दोन कामाच्या दिवसांत मिळाला पाहिजे.

हिशेबाच्या पावतीवर ‘सर्व रक्कम मिळाली, माझा कोणताही दावा उरलेला नाही’ अशी ओळ बहुधा छापलेली असेल. प्रत्येक रक्कम वेगवेगळ्या ओळीत लिहून घ्या, रक्कम खात्यात जमा झाल्याचे पाहूनच सही करा, आणि काही बाकी असेल तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात ‘रजेचे पैसे येणे बाकी’ असे लिहा. ईएसआयच्या शाखेत जाताना कपातीचे पत्र, आधार, बँकेचे पासबुक आणि शेवटच्या पगाराच्या स्लिपा सोबत न्या. पतींनी स्वतः जावे, कारण विमाधारकाची सही तिथेच लागते.